अनुदानित महाविद्यालयातील कायम नोकरी सोडावी का? थकवा, रिक्त पदे आणि राजीनामा यांविषयी

भूगोल_शिक्षिका (मराठवाडा)

सर्वांना नमस्कार. मी मराठवाड्यातील एका अनुदानित वरिष्ठ महाविद्यालयात भूगोलाची साहाय्यक प्राध्यापक आहे. नेमणूक २००५ नंतरची असल्यामुळे जुनी पेन्शन नाही, पण विद्यापीठाची मान्यता, स्थायीकरण, कॅसची (सेवांतर्गत पदोन्नती योजनेची) पहिली पायरी हे सगळे रीतसर झालेले आहे. घरात मी एकटीच कमावते असे नाही, तरी घराचे कर्ज माझ्या पगारातून फिटते. गेली दीड-दोन वर्षे राजीनाम्याचा विचार अधूनमधून येत असे. आता तो रोज येतो, म्हणून येथे विचारते आहे.

आमच्या विभागात मंजूर पदे तीन आहेत. दोन ज्येष्ठ सहकारी निवृत्त झाले आणि त्यांच्या जागा भरल्या गेल्या नाहीत. त्यांच्या तासिका सीएचबीवरील (तासिका तत्त्वावरील) सहकारी घेतात आणि मनापासून घेतात, परंतु ज्यांना केवळ तासिकेचे पैसे मिळतात त्यांच्याकडून प्रवेश समिती, अंतर्गत मूल्यमापनाचे गुण भरणे, विभागाचा अहवाल अशा कामांची अपेक्षा करणे मला योग्य वाटत नाही. त्यामुळे तिघांचे कागद एकटीकडे आले. त्यातच आयक्यूएसीचे, म्हणजे महाविद्यालयातील अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचे, समन्वयकपद माझ्याकडे आहे, आणि पुढील नॅकसाठी (महाविद्यालयाच्या राष्ट्रीय मूल्यांकनासाठी) स्वयंमूल्यमापन अहवालाची तयारी सुरू आहे. दुपारपर्यंत तास, त्यानंतर सहा-साडेसहापर्यंत संगणकासमोर, आणि रात्री घरी व्हॉट्सॲपवर इतर विभागांच्या याद्यांची वाट पाहणे, असा दिवस झाला आहे.

मला शिकवण्याचा कंटाळा आलेला नाही, हे आधी स्पष्ट सांगते. मला थकवते ते शिकवल्याचा पुरावा तयार करण्याचे काम. या वर्षी द्वितीय वर्षाच्या मुलांना घेऊन नदीकाठी क्षेत्रभेटीला गेलो होतो. हातात एकास पन्नास हजार प्रमाणाचा स्थलनिर्देशक नकाशा होता, समोच्च रेषा आणि समोरची जमीन यांचा मेळ मुले घालत होती, आणि एका मुलाने विचारले की वळणावर नदी बाहेरचाच काठ का खाते आणि आतल्या काठावर वाळू का टाकते. असा प्रश्न वर्गात क्वचितच येतो. त्याच वेळी महाविद्यालयातून फोन आला की पाठवलेल्या छायाचित्रांवर अक्षांश-रेखांश आलेले नाहीत, नव्याने काढून पाठवा. मग सर्वांना फलकासह पुन्हा रांगेत उभे केले, दोन मुलांच्या मोबाइलमध्ये ते ॲप चालेना, ऊन वाढले, आणि बसची वेळ झाली. ज्या प्रश्नाचे उत्तर नदीसमोर उभे राहून शोधायचे होते, तो दुसऱ्या दिवशी फळ्यावर सोडवला.

अलीकडे आणखी एक गोष्ट मला अस्वस्थ करते. विद्यार्थी दारात दिसला की पूर्वी बरे वाटत असे. आता आधी मनात येते की याला कोणता दाखला हवा असेल. झोप नीट लागत नाही. सुट्टीतही थकवा जात नाही.

माझे विचारणे असे आहे: हा थकवा काही काळ रजा घेऊन जाण्यासारखा असतो का? ज्यांनी कायम नोकरी सोडली, त्यांनी पुढे काय केले? आणि सोडायचीच झाली तर आर्थिक व नियमांच्या बाजूने काय पाहून घ्यावे? कृपया महाविद्यालयाचा अंदाज बांधू नये.


निवृत्त_प्राचार्य

मॅडम, आपले लिखाण दोनदा वाचले. मी अनुदानित महाविद्यालयातच अध्यापक आणि नंतर प्राचार्य होतो. आपल्या प्रश्नाचे थेट उत्तर शेवटी देतो, कारण हा भार आपल्यापर्यंत कसा पोहोचला हे आधी पाहिले नाही, तर तो आपल्याच क्षमतेचा दोष वाटू लागतो, आणि आपल्या लिहिण्यात ती छटा मला दिसली.

पूर्वी प्राध्यापकाच्या कामाची नोंद म्हणजे हजेरीपत्रक, दैनंदिनी आणि निकाल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने एपीआयची (शैक्षणिक कामगिरी निर्देशांकाची) गुणपद्धती आणली आणि प्रत्येक तास, प्रत्येक चर्चासत्र, प्रत्येक शोधनिबंध गुणांमध्ये मोजला जाऊ लागला. २०१८ च्या नियमावलीने ती मोजणी बरीच सैल केली, पण तोपर्यंत फाइल तयार करण्याची सवय संस्थांच्या अंगवळणी पडली होती. दरम्यान जुलै २०१७ पासून नॅकची सुधारित पद्धत आली. निकष सातच राहिले, परंतु मूल्यांकनाचा सुमारे ७० टक्के भाग संख्यात्मक माहितीवर गेला आणि त्या माहितीची पडताळणी बाहेरून होऊ लागली. त्यामागील हेतू मला आजही चुकीचा वाटत नाही. भेटीला आलेल्या समितीच्या पाहुणचारावर श्रेणी ठरू नये, हेच त्यातून साधायचे होते. मात्र आकड्यामागे दाखला, दाखल्यामागे छायाचित्र आणि छायाचित्रावर अक्षांश-रेखांश ही साखळी सांभाळण्यासाठी स्वतंत्र माणूस द्यायला हवा होता. तो कोणीच दिला नाही. शिक्षकेतर पदेही रिक्तच होती, त्यामुळे कारकुनाचे काम प्राध्यापकाकडे सरकले.

आणि नेमक्या त्याच काळात भरती थांबली. २०१७ मध्ये राज्याने नोकरभरतीवर निर्बंध घातले. नोव्हेंबर २०१८ मध्ये साहाय्यक प्राध्यापकांची ३,५८० पदे भरण्यास मान्यता मिळाली; त्यांतील १,४९२ भरली जाईपर्यंत करोना आला आणि भरती पुन्हा स्थगित झाली. उरलेल्या २,०८८ पदांचा मार्ग २०२१ च्या अखेरीस मोकळा झाला, तोही रोस्टर (आरक्षणाच्या बिंदुनामावलीची) तपासणी, ना हरकत प्रमाणपत्र, उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालय अशा टप्प्यांतून. या सगळ्या काळात निवृत्ती मात्र एक दिवसही थांबली नव्हती. त्यावर २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत नवीन राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे विषय अशी रचना सुरू झाली. अभ्यासक्रमात निवड वाढली ही चांगली गोष्ट आहे, पण निवड वाढली की तासिका आणि मूल्यमापन वाढते, आणि आपल्यासारख्या एका कायम माणसाच्या विभागात ते कोणाच्या वाट्याला येणार हे सांगायला नको.

आता आपण काय करावे. २०१८ च्या नियमावलीत साहाय्यक प्राध्यापकासाठी आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन आणि एकूण ४० तासांचा कार्यभार धरला आहे, आणि राज्याने मार्च २०१९ च्या शासन निर्णयाने सातव्या वेतन आयोगासोबत ती चौकट स्वीकारली आहे. ४० हा आकडा किमान म्हणून लिहिला आहे हे खरे, तरीही तुलनेसाठी तो उपयोगी पडतो. आपण दोन आठवडे रोजच्या कामाची तासांनिशी नोंद ठेवा: अध्यापन किती, विभागाचे कागद किती, आयक्यूएसी किती, घरी किती. ती नोंद जोडून प्राचार्यांना लेखी अर्ज द्या आणि त्यात एकच मागणी करा, समन्वयकपदातून मुक्त करावे किंवा ते पद ठेवायचे तर परीक्षा व प्रवेशाची कामे काढून घ्यावीत. तोंडी सांगितलेल्या गोष्टीवर प्राचार्य सहानुभूती दाखवतात आणि विसरतात. मी त्या खुर्चीत बसलो आहे, म्हणून हे जबाबदारीने सांगतो. लेखी अर्ज असेल तर प्राचार्यांनाही संस्थेकडे संगणक सहायकाची मागणी करण्यासाठी हातात काहीतरी राहते. मी समन्वयकपद दोन-तीन वर्षांनी बदलत असे आणि त्या व्यक्तीला परीक्षेचे काम देत नसे.

हा अर्ज केल्याशिवाय राजीनामा देऊ नये, एवढेच माझे मत. आपल्याला शिकवणे नकोसे झालेले नाही. नकोसे झाले आहे ते आपल्यावर टाकलेले दुसरे पद, आणि त्या पदाचा राजीनामा आधी देता येतो.


सीएचबीतून_बाहेर

मॅडम, आपण सीएचबीवरील सहकाऱ्यांविषयी जे लिहिले ते वाचून बरे वाटले, कारण असे म्हणणारे कायम प्राध्यापक थोडे भेटतात.

मी भौतिकशास्त्राचा. सेट ही पात्रता परीक्षा आणि पीएच.डी. दोन्ही झाल्यावर विदर्भातील एका महाविद्यालयात अनेक वर्षे तासिका तत्त्वावर शिकवले. प्राध्यापक नोकरी सोडून जात आहेत अशी चर्चा होते, तेव्हा आमची मोजणी कशातच होत नाही. आम्हाला राजीनामा द्यावा लागत नाही. पुढच्या वर्षी मुलाखतीला गेलो नाही की आम्ही संपलो. नेमणूक सत्रापुरती, उन्हाळ्यात मानधन नाही, आणि झालेल्या तासांची बिले सहसंचालक कार्यालयातून मंजूर होऊन येईपर्यंत कधी दिवाळी उलटलेली असे. विद्यापीठ अनुदान आयोगाने जानेवारी २०१९ मध्ये अतिथी अध्यापकासाठी तासाला १,५०० रुपये आणि महिन्याला कमाल ५० हजार रुपये अशी मार्गदर्शक सूचना काढली होती. आमच्या हातात पडणारा दर त्याच्या निम्म्यापर्यंतही पोहोचलेला नव्हता. ऑगस्ट २०२५ मध्ये गुजरातमधील शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या कंत्राटी साहाय्यक प्राध्यापकांना, जे महिना ३० हजारांवर काम करत होते, पदाच्या वेतनश्रेणीतील किमान वेतन द्यावे असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला. तो निकाल वाचताना मी शिकवणी वर्गाच्या स्टाफरूममध्ये बसलो होतो.

होय, आता मी नीट आणि जेईईची शिकवणी घेतो. पैसे वेळेवर मिळतात, महिना सरताना उसनवारी करावी लागत नाही. सहा तास सलग बोलून घसा बसतो, पण घरी गेल्यावर डोके मोकळे असते. जे गेले तेही सांगतो. महाविद्यालयात मी न्यूटनच्या कड्यांचा प्रयोग लावायला मुलांना एकटे सोडत असे. कडी दिसेपर्यंत ती धडपडत आणि दिसली की एकमेकांना हाका मारत. इथे प्रयोगशाळा नाही, आणि परीक्षेला नसलेला प्रश्न विचारला तर बाकीची मुले घड्याळ पाहतात. आपल्याला तो नदीवरचा प्रश्न एवढा लागला, म्हणून सांगतो की बाहेर पडल्यावर पहिली उणीव त्याच गोष्टीची भासते.

आपण जाऊ नये असे मी म्हणत नाही. फक्त आपण गेलात तर ती जागा कायम स्वरूपात भरली जाईल असे समजू नका. तिथे माझ्यासारखा कोणीतरी तासिकेवर येईल.


समुपदेशक_पुणे

मी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहे आणि माझ्याकडे येणाऱ्यांमध्ये महाविद्यालयीन अध्यापकांची संख्या बरीच आहे. मंचावरून निदान करता येत नाही आणि करूही नये, म्हणून केवळ दिशा सांगते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची नोंद आपल्या वर्गीकरणात करताना त्याला आजार म्हटले नाही. कामाच्या ठिकाणचा जो ताण दीर्घकाळ नीट हाताळला गेला नाही त्यातून उद्भवणारी स्थिती असे म्हटले. तिची तीन अंगे आहेत: शक्ती संपून जाणे, कामापासून मन दुरावणे किंवा त्याविषयी कडवटपणा येणे, आणि आपल्याकडून काही नीट होत नाही अशी भावना. विद्यार्थी दारात दिसल्यावर आधी दाखला आठवतो हे आपले वाक्य दुसऱ्या अंगाकडे बोट दाखवते. तो आपल्या स्वभावात झालेला बिघाड आहे असे मानू नका. माणूस सतत ओढला गेला की मन स्वतःला वाचवण्यासाठी समोरच्यापासून थोडे मागे सरते.

रजेने हे जाते का, असे आपण विचारले. रजेने शरीर सावरते. मात्र परतल्यावर तेच टेबल, तेच समन्वयकपद आणि तोच मोबाइल गट असेल, तर काही आठवड्यांत माणूस पुन्हा तिथेच येतो, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे. म्हणून रजा आणि कामातील बदल या दोन्ही गोष्टी एकत्र मागाव्यात. वरती सरांनी सांगितलेला अर्ज उपचाराच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे.

एक गोष्ट मात्र तपासून घ्या. कामाबाहेरही कशातच रस वाटत नसेल, भूक आणि झोप बिघडलेली असेल, जगण्याविषयीच निराशेचे विचार येत असतील, तर ते नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. मनोविकारतज्ज्ञांना भेटा, तत्काळ बोलायचे असेल तर शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येते. झोप पूर्ववत होण्याआधी राजीनाम्यावर सही करू नये, असे मी माझ्याकडे येणाऱ्यांना सांगते.


लीड्सहून

मी मूळची साताऱ्याची, सध्या इंग्लंडमधील एका विद्यापीठात शिकवते. परदेशी विद्यापीठात गेले की हे प्रश्न सुटतील असा सल्ला आपल्याला कोणी दिला असेल तर थोडे थांबावे, एवढ्यासाठी लिहिते.

इथे कारणे निराळी आहेत. देशातील विद्यार्थ्यांचे शुल्क २०१७ पासून ९,२५० पौंडांवर गोठलेले होते, ते २०२५ मध्ये जेमतेम ९,५३५ झाले. महागाई मात्र वाढत राहिली. तूट भरून काढायला परदेशी विद्यार्थी होते, परंतु जानेवारी २०२४ पासून बहुतेक पदव्युत्तर विद्यार्थ्यांना कुटुंब सोबत आणता येईनासे झाले आणि तो ओघही आटला. जानेवारी २०२५ मध्ये कार्डिफ विद्यापीठाने ४०० पदे कमी करण्याचा प्रस्ताव जाहीर केला आणि त्यात परिचर्या व आधुनिक भाषांसारखे विभाग होते. त्याआधी २०२३ मध्ये एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत अनेक विद्यापीठांतील अध्यापकांनी वेतन आणि कार्यभार यांसाठी उत्तरपत्रिका तपासण्यावर बहिष्कार टाकला होता.

कारणे निराळी असूनही एक गोष्ट आपल्या अनुभवाशी जुळते. स्वेच्छेने बाहेर पडण्याची योजना जाहीर झाली की ज्यांना दुसरीकडे वाव असतो ते रक्कम घेऊन जातात, त्यांचे विषय आणि त्यांचे संशोधक विद्यार्थी राहिलेल्यांमध्ये वाटले जातात, आणि पुढच्या वर्षी त्या राहिलेल्यांपैकी कोणीतरी थकून निघते. एकाचे जाणे दुसऱ्याच्या थकव्याचे कारण होते. आपल्या विभागातही दोन निवृत्तींनंतर हेच घडलेले दिसते.


संघटना_कार्यकर्ता

आपल्या तिसऱ्या प्रश्नावर लिहितो. विद्यापीठानुसार परिनियमांत (विद्यापीठाच्या सेवाविषयक नियमांत) फरक असतात, म्हणून अंतिम खातरजमा सेवापुस्तक आणि परिनियम समोर ठेवूनच करावी.

प्रथम रजा पाहा. कायम अध्यापकाला प्रत्येक पूर्ण सेवावर्षासाठी २० दिवस अर्धवेतनी रजा जमा होते आणि वैद्यकीय प्रमाणपत्रावर तिचे परिवर्तित रजेत, म्हणजे पूर्ण वेतनाच्या निम्म्या दिवसांत, रूपांतर करता येते. बहुतेकांना आपल्या खात्यावर किती दिवस आहेत हे ठाऊकच नसते. कार्यालयातून लेखी तपशील मागून घ्या. संशोधनासाठी अभ्यास रजा मिळू शकते, परंतु ती घेतल्यास परतून सेवा करण्याचे बंधपत्र द्यावे लागते. सोडण्याचा विचार असताना तो मार्ग घेऊ नये. असाधारण रजा बिनपगारी असते आणि तिचा परिणाम वेतनवाढीवर व सेवाकालाच्या गणनेवर होऊ शकतो.

आपण १ नोव्हेंबर २००५ नंतरच्या असल्यामुळे जुन्या पेन्शनच्या नियमातील वीस वर्षांनंतरची स्वेच्छानिवृत्ती आपल्याला त्या अर्थाने उपयोगाची नाही. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेतून वयाआधी बाहेर पडल्यास जमा रकमेचा मोठा हिस्सा वर्षासनात (पुढे नियमित रक्कम देणाऱ्या योजनेत) गुंतवावा लागतो, सगळी रक्कम हातात येत नाही. म्हणून त्या पैशावर कर्ज फेडण्याचा हिशोब मांडू नका. अंशदान प्रत्येक महिन्याचे जमा झाले आहे का, शासनाचा हिस्सा आला आहे का, हेही आताच पाहा. अनुदानित महाविद्यालयांत सुरुवातीच्या वर्षांचे हिशोब अनेकांचे अपुरे आहेत, आणि नोकरीत असताना ते दुरुस्त करून घेणे सोपे जाते.

दुसऱ्या महाविद्यालयात किंवा विद्यापीठात जाणार असाल तर अर्ज योग्य मार्गानेच पाठवा आणि धारणाधिकाराची, म्हणजे जुन्या पदावरील हक्क काही काळ राखून ठेवण्याची, मागणी करा, म्हणजे सेवा जोडून मिळण्याचा मार्ग राहतो. राजीनाम्याची सूचना किती दिवसांची द्यायची तेही परिनियमांत पाहून घ्या. रागाच्या दिवशी ईमेलवर पाठवलेला राजीनामा संस्थेने तातडीने स्वीकारला आणि नंतर मागे घेता आला नाही, अशी प्रकरणे आमच्याकडे आली आहेत.


भूगोल_शिक्षिका

सर्वांचे मनापासून आभार. कालपासून एकेक उत्तर वाचते आहे.

सरांनी सांगितल्याप्रमाणे तासांची नोंद ठेवायला आजपासून सुरुवात केली. महिनाअखेरपर्यंत अर्ज देईन आणि त्यात जूनपासून समन्वयकपदातून मुक्त करण्याची मागणी करीन. अर्धवेतनी रजेचा आणि अंशदानाचा तपशील कार्यालयाकडे लेखी मागितला आहे. मनोविकारतज्ज्ञांची वेळही घेतली आहे, त्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागेल. राजीनाम्याचा निर्णय तोपर्यंत बाजूला ठेवते. तो मनातून गेला आहे असे म्हणू शकत नाही, कारण समन्वयकपद गेले तरी विभागातील दोन जागा रिक्तच राहणार आहेत.

सीएचबीतून बाहेर पडलेल्या सरांचे शेवटचे वाक्य मी आमच्या विभागातील तरुण सहकाऱ्याला दाखवले. त्यांनी नदीची पुढची क्षेत्रभेट स्वतः नेण्याची तयारी दाखवली आहे आणि त्या दिवसाचे मानधन मिळावे असे पत्र मी प्राचार्यांना देणार आहे.

आता एक नेमकी विचारणा. समन्वयकपद ठरावीक मुदतीने बदलत राहावे असा लेखी ठराव आपल्यापैकी कोणाच्या महाविद्यालयात झालेला आहे का? महाविद्यालय विकास समितीच्या बैठकीत तो मंजूर झाला असल्यास त्यातील शब्दरचना, संस्थेचे नाव वगळून, येथे द्यावी. आमच्या समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे आणि मला तो विषय पत्रिकेवर घ्यायचा आहे.